भिंतीवरचं नाव

माझ्या भाचीचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही ते चुकीचं वाचाल, आणि तुमच्या चुकीबद्दल तिची आई मला बोलेल. एवढा ताप मला या वयात नको. इतकंच सांगते, की नाव तीन अक्षरी आहे, मधलं जोडाक्षर आहे, आणि शेवटचं अक्षर नीट उच्चारलं नाही तर सगळंच मुसळ केरात.

नाव शोधलं तिच्या आईने, पोरगी पोटात असताना. माझी ही भावजय रेडिओवर बातम्या देते. घरात तिला सगळे 'बातम्या'च म्हणतात, तिचा नवरा म्हणजे माझा धाकटा भाऊसुद्धा. परक्या देशांचे अध्यक्ष, नद्या, वादळं, कुणाचंही नाव असो, बातम्या ते आदल्या दिवशी चार ठिकाणी विचारून पक्कं करणार, आणि मगच माइकसमोर बसणार. कुणी चुकीचा उच्चार केला की हिच्या दाताखाली खडा आलाच म्हणून समजा.

"दुकानात हाक मारली तर सात मुली वळून बघतील असलं नाव नको मला, ताई," ती म्हणायची. शेवटी कुठल्याशा जुन्या कोशात तिला हवं ते सापडलं. घंटा वाजायची थांबल्यावरही हवेत जो नाद उरतो, त्याला म्हणे तो शब्द आहे. मला अर्थ आवडला. नाव मात्र जिभेवर बसेना. शेजारच्या शिंपीकाकांनी त्यात एक अक्षर जास्तीचं घातलं, दवाखान्यातल्या नर्सने एक कमी केलं. दोघांना शेजारी उभं केलं असतं तर नाव पूर्ण झालं असतं. मी शेवटचं अक्षर गिळायची.

"ताई, गिळू नका."

"अगं, भूक लागली की गिळते."

"पुन्हा म्हणा." आणि मी पुन्हा म्हणायची, आणि पुन्हा चुकायची. जन्माआधीच त्या पोरीच्या नावाने मला शिकवणी लागली होती.

आता आमच्या उद्योगाबद्दल सांगते. धाकटा शाळेत विज्ञान शिकवतो. मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं नोकरी केली. शिकवायला नाही, परीक्षानळ्या धुवायला. कोपऱ्यात उभं राहून सगळे प्रयोग मात्र पाठ केले. निवृत्त झाले तेव्हा घरात बसून भिंती बघण्यापेक्षा धाकट्याबरोबर मुलांसाठी विज्ञानाचे खोके करायला घेतले. चपलांच्या दुकानातून रिकामे खोके आणायचे, त्यात एकेका प्रयोगाचं सामान भरायचं, वर धाकट्याने लिहिलेला सूचनांचा कागद ठेवायचा. चुंबकाचा खोका, भिंगाचा खोका, आवाजाचा खोका. बाहेरच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर आता कात्र्या, तारा आणि चिकटपट्ट्या जेवतात, आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवतो.

माझा एकच नियम आहे. प्रत्येक खोक्यातला प्रयोग आधी स्वतः करून बघायचा, मगच झाकण लावायचं. साठ खोके असतील तर साठ वेळा. धाकटा म्हणतो, "एक बघितला की सगळे बघितले." त्याला म्हणावं, खोका उघडणाऱ्या पोराकडे एकच असतो.

पोरगी जन्मली ती सगळ्या अंगाने धडधाकट. तिसऱ्या दिवशी कानांची तपासणी झाली तेव्हा यंत्राने काहीच दाखवलं नाही. कानात पाणी असेल म्हणाले. महिन्याने पुन्हा नाही. चौथ्या महिन्यात मोठ्या दवाखान्यात, डोक्याला बारीक तारा लावून, झोपेत तपासलं. कान तपासणाऱ्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी आलेख आमच्याकडे वळवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. थोडंही नाही. यंत्र लावून बघू, पुढे शस्त्रक्रियेचा विचार करू, खात्री कशाचीच देत नाही. "पण तुम्ही तिच्याशी बोलत राहा," त्या म्हणाल्या. "तुमचा चेहरा तिला दिसू दे."

बातम्याने मान हलवली, आणि त्या दिवसापासून ती पोरीशी बोलायचीच बंद झाली.

आमच्याशी कामापुरतं बोलायची. पोरीचं सगळं करायची, अंघोळ, दूध, लंगोट, पण तोंड मिटून. जी बाई पोटातल्या पोरीला रोज संध्याकाळच्या बातम्या वाचून दाखवायची, ती आता शेजारच्या खोलीत असली तरी कळत नव्हतं. मला आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. राग मला लवकर येतो. मी म्हटलं, "अगं, तिला ऐकू येत नाही, पण दिसतं ना?"

"कोणासाठी बोलू, ताई?" ती म्हणाली. "आणि ते नाव... ज्याचा अर्थच नाद, ते नाव घेऊन ही जन्मभर फिरणार? लोक अर्थ विचारतील. हिने काय सांगायचं?"

लवकर कळलं असतं तर, तिला थोडं जरी ऐकू येत असतं तर, असले विचार मी भांडी घासताना करायची. आत्याबाईला मिश्या असत्या तर काका म्हटलं असतं, आणि इथे आत्याबाई मीच.

जन्मनोंदणीच्या कार्यालयात नावाचा रकाना कोराच होता. तिथून पत्र आलं, महिनाअखेरीपर्यंत नाव कळवा. धाकटा कामाला लागला. तो संकटात सापडला की तक्ते करतो. त्याने कुठेतरी वाचलं होतं, की ओठ मिटून म्हणायची अक्षरं बघणाऱ्याला ओठांवर दिसतात आणि घशातली दिसत नाहीत. मग हा गृहस्थ न्हाणीघराच्या आरशासमोर उभा राहून नावं म्हणू लागला, आणि कोणतं स्पष्ट दिसतं ते टिपू लागला. दाढीला अर्धा तास. आधीच्या नावाची त्याने आरशात परीक्षा घेतली आणि तोंड पाडून बाहेर आला. "यातलं काहीच ओठांवर येत नाही, ताई. नुसतं तोंड उघडं दिसतं." शेवटी त्याने एक दोन अक्षरी नाव निवडलं. गोड होतं. सात नाही, सतरा मुली वळल्या असत्या. बातम्याने यादी न वाचताच म्हटलं, "चालेल. कुठलंही चालेल."

कुठलंही चालेल! जिने एका नावासाठी चार महिने कोश चाळले, तिच्या तोंडी हे वाक्य! बाईने नावच नाही, पोरीशी बोलायची आशाच सोडली होती. दुसऱ्या दिवशी शनिवार, शाळा सकाळची. धाकटा शाळेतून घरी आला, की अर्ज घेऊन नोंदणी कार्यालयात जाणार होता. त्याने अर्ज भरून टेबलावर ठेवला, फक्त आईची सही राहिली होती.

त्याच आठवड्यात एका शाळेचे आवाजाचे साठ खोके द्यायचे होते. या खोक्यात काय असतं, तर दोन्ही बाजूंनी उघडा केलेला पत्र्याचा डबा. एका तोंडावर फुगा कापून ताणून बसवायचा, ढोलकीला चामडं बसवतात तसा. त्या फुग्याच्या मधोमध नखाएवढा आरशाचा तुकडा चिकटवायचा. आरशावर ऊन घ्यायचं, त्याचा कवडसा भिंतीवर पाडायचा आणि डब्याच्या दुसऱ्या तोंडातून बोलायचं. फुगा थरथरतो, आरसा थरथरतो, कवडसा थरथरतो. डबे आम्ही दुधाच्या पावडरीचे वापरतो; आमच्याच घरातून आता आठवड्याला एक निघत होता.

मोठ्या दवाखान्यातून परतलो त्या संध्याकाळीच मी साठही आरसे चिकटवले होते. हाताला काम हवं म्हणून. शुक्रवारी धाकट्याने डबे बघितले आणि डोक्याला हात लावला.

"ताई, हे काय? एकही आरसा मध्ये नाही. सगळे कडेला सरकलेत."

बघते तर खरंच. सत्तावीस वर्षांत एक परीक्षानळी न फोडलेली मी, साठच्या साठ चुकले होते. डोळे कुठे होते माझे, मलाच ठाऊक.

"उखडून पुन्हा लावू," तो म्हणाला.

"लावीन. पण आधी करून बघीन."

"चुकलेलं काय करून बघायचं?"

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. खरं म्हणजे माझी चूक मला कबूल करायची नव्हती, इतकंच.

शनिवारी सकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत नऊच्या सुमाराला ऊन येतं आणि अर्धाएक तास टेबलावर राहतं. पोरगी पाच महिन्यांची झाली होती. तिला मी उशांच्या आधाराने झुलत्या खुर्चीत बसवलं, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून. बातम्या आत बाटल्या उकळत होती. मी पहिला डबा लाकडी बैठकीवर ठेवला, आरशावर ऊन घेतलं, भिंतीवर शर्टाच्या बटणाएवढा ठिपका आणला आणि डब्यात तोंड घालून म्हटलं, "आऽऽ".

ठिपका फुटला. फुटला म्हणजे उलगडला. त्याचं एक लांबट कडं झालं, उजेडाचं, आणि ते भिंतीवर गरगरत राहिलं. मी घाबरून गप्प बसले तर पुन्हा ठिपका. मी "ऊऽऽ" म्हटलं. कडं वळलं, मधे पीळ पडला, आठाचा आकडा झाला. "ईऽऽ" म्हटलं तर बारीक दातेरी काहीतरी, कंगव्यासारखं. आजवर मी असे शेकडो डबे तपासले होते, आणि प्रत्येकात ठिपका जागच्या जागी नुसता थरथरायचा. धाकट्याने नंतर कारण सांगितलं. मधोमधचा आरसा फक्त पुढे-मागे होतो. कडेचा आरसा कलतो, डुलतो, म्हणून त्याचा कवडसा दूरवर फिरतो. आम्ही इतकी वर्षं काळजीपूर्वक चुकीच्या जागी आरसे लावत होतो, आणि दुःखाने हात सरकला तेव्हा बरोबर जागी लागले. मला तेव्हा हे काही माहीत नव्हतं.

मग मी बोलतच सुटले. धाकट्याला दोन शिव्या हासडल्या, त्यांची भिंतीवर वेलबुट्टी झाली. शिंपीकाकांना घेतलं, नोंदणी कार्यालयाला घेतलं. आवाज म्हणजे हवेचं थरथरणं, हे वाक्य मी सत्तावीस वर्षं मुलांच्या पाठांतरात ऐकलं होतं. पण माझ्या तोंडातून निघालेला शब्द भिंतीवर जाऊन बसतो आणि त्याला वळणं असतात, हे बघून मला हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते विचारू नका.

मध्येच लक्षात आलं, झुलती खुर्ची झुलायची थांबली आहे.

पोरगी एरवी हातपाय मारत असते. आता ती निश्चल होती. तोंड अर्धवट उघडं, डोळे भिंतीवर. मी बोलले की तिचे डोळे मोठे व्हायचे, मी थांबले की ती वाट बघायची. वाट बघायची! माझ्या बोलण्याची आजवर घरात कुणी वाट बघितली नव्हती. मी डब्यात पुन्हा तोंड घातलं आणि तिचं नाव म्हटलं. आधीचं. कोशातलं.

भिंतीवर एक कडं उघडलं, त्याला मधे गाठ पडली, आणि शेवटी ते फरपटत विझलं.

"चुकलं."

मी मान वळवली. दारात बातम्या उभी होती, हातात वाफाळती बाटली आणि चिमटा. ती कधीपासून उभी होती देव जाणे.

"शेवटचं अक्षर गिळलंत," ती म्हणाली. "ते बघा, शेपूट तुटलंय."

"मग तू म्हण," मी म्हटलं. रागानेच म्हटलं. "मला येत नाही, तुला येतं. मी काय जन्मभर गिळत बसू? तू म्हण!"

ती जागची हलेना. मला वाटलं, आता ही आत जाईल, आणि दुपारी अर्जावर सही होईल. मग तिने बाटली टेबलावर ठेवली, त्या भरलेल्या अर्जावरच ठेवली, आणि डब्यासमोर वाकली. तिने घसा साफ केला. माइकसमोर बसताना करते तसाच.

आणि तिने नाव घेतलं.

भिंतीवर जे झालं ते मी सांगायचा प्रयत्न करते. माझ्या आवाजात कडी थरथरायची, फाटायची. तिचा आवाज अकरा वर्षांचा कमावलेला, सरळ धाग्यासारखा. पहिल्या अक्षराला एक गोल हळूच उघडला. जोडाक्षराला त्याची एकदम घडी पडली, आणि घडीतून दुसरा गोल निघाला, पहिल्याच्या आत. शेवटच्या अक्षराला दोन्ही गोल एकमेकांत फिरत राहिले, बारीक होत होत, आणि नाव संपल्यावरही क्षणभर डोळ्यांपुढे राहिले. घंटा थांबल्यावर उरतो तो नाद म्हणजे काय, ते मला त्या वेळी कळलं, कानांनी नाही.

पोरगी हसली नाही. तिने दोन्ही हात भिंतीकडे पसरले.

बातम्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच गोल, तीच घडी. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज कापला आणि गोलांना झालर आली. ती रडत होती, पण थांबत नव्हती. म्हणत होती, थांबत होती, म्हणत होती. महिन्याभराचा साठलेला उच्चार होता तो.

मग पोरीने एक गोष्ट केली. भिंतीवरून नजर काढून तिने इकडेतिकडे शोधलं. टेबल, डबा, मी. आणि तिची नजर आईच्या तोंडावर येऊन थांबली. आई नाव घेते तेव्हा तोंड हलतं आणि भिंत हलते, हे त्या एवढ्याशा जिवाने स्वतः जुळवलं. पुन्हा भिंत, पुन्हा तोंड. प्रयोग करून बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, अगदी आत्यावर गेली आहे.

बातम्याने तिला उचलून मांडीवर घेतलं आणि डब्याच्या तोंडाशी धरलं. "तू म्हण," तिने पोरीकडे बघत म्हटलं. महिन्याभरात ती पोरीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

पोरगी काय म्हणणार? पण पाच महिन्यांची मुलं आपल्याच तंद्रीत आवाज काढतात, ऐकू येणारी काढतात तशी न ऐकणारीही. डबा चाटायच्या बेतात असताना तिच्या तोंडून एक लांबट हुंकार निघाला. भिंतीवर एक कडं उठलं. वेडंवाकडं, जाडजूड, अख्ख्या भिंतीभर.

ती गप्प झाली. कडं गेलं.

ती थांबली. कपाळाला आठी पडली. तिने पुन्हा तसाच आवाज काढला, या वेळी मुद्दाम. कडं आलं. तिने आवाज तोडला, कडं तुटलं. आणि मग माझी भाची, जिला स्वतःचा आवाज कधी ऐकू आला नव्हता, ती मोठमोठ्याने ओरडायला लागली, आणि सगळी भिंत उजेडाने भरून गेली.

मला वाटत होतं, खोलीत आणखी कुणीतरी आलं आहे आणि आता त्याला बसायला जागा करून द्यायला हवी.

ऊन टेबलावरून उतरलं तेव्हा बातम्याने अर्जावरची बाटली उचलली. खाली ओला गोल उमटला होता, बरोबर धाकट्याच्या दोन अक्षरी नावावर. तिने कागदाची घडी करून डब्याखाली सारली. धाकट्याला शाळेत फोन केला. "कार्यालयात एकटा जाऊ नकोस. अर्ज नवा भरू. मी येते बरोबर." त्याने काहीतरी विचारलं असावं. "हो, तेच नाव," ती म्हणाली. "कोणी अर्थ विचारला तर घरी बोलावू आणि दाखवू."

साठ डबे होते तसेच गेले. सूचनांच्या कागदावर मी माझ्या हाताने एक ओळ वाढवली, 'आरसा मधोमध लावू नका.'

या गोष्टीला दोन वर्षं झाली. भाचीच्या कानाला आता यंत्र आहे. त्यातून तिला किती उमगतं ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही. हातांनी ती इतकं बोलते की मला उत्तर द्यायला हात पुरत नाहीत. पण रोज सकाळी नऊला डबा टेबलावर येतो. ढग असले तर टॉर्च. आई तिला तिचं नाव दाखवते, मग ती आपल्या परीने डब्यात म्हणते, आणि तिच्याही कड्याला आता मधे घडी पडू लागली आहे. तंतोतंत तीच आकृती रोज येत नाही, आवाज चढला-उतरला की बदलते, धाकटा सांगत असतो. सांगू दे.

शेवटी माझी पाळी येते. मी अजूनही शेवटचं अक्षर गिळते. म्हातारी जीभ आहे, वळत नाही. माझं म्हणून झालं की बातम्या काहीच म्हणत नाही, कारण आता तशी गरजच पडत नाही. भाची भिंतीकडे बघते, तुटलेल्या शेपटावर बोट ठेवते, माझ्याकडे वळून ठामपणे मान हलवते, आणि डबा पुन्हा माझ्या तोंडाशी आणून धरते.